पोपडे

भिंतीचा पोपडा नखानं काढू नये, तो वाढत जातो, असं आई म्हणायची. खरंच वाढायचा. गिरगावातल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझी झोपायची जागा भिंतीकडेची होती. पावसाळ्यात तिथे ओल यायची, रंग फुगायचा आणि तो फुगलेला पापुद्रा उचकटायला माझं बोट शिवशिवायचं. वरचा हिरवा ऑइलपेंट निघाला की खाली फिकट पिवळा डिस्टेंपर, त्याखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली पुन्हा चुनाच, पण सायीसारखा जाड, आणि सगळ्यांत तळाशी गेरूचा एक पट्टा. हा पट्टा कुणी मारला हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. आजोबा १९३८ साली त्या खोलीत राहायला आले तेव्हा खोली पांढरी होती, एवढं आजीला आठवत होतं. म्हणजे आमच्या आधी तिथे कुणीतरी होतं आणि त्यांना गेरूचा पट्टा आवडायचा. त्यांच्याबद्दल मला कळलेलं एवढंच, आणि तेही नखात अडकलेलं.

पाचवीत असताना एका दुपारी मी त्या भिंतीवर आजोबांचा चेहरा कोरला. कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन. आजोबा समोर आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते, त्यामुळे मॉडेल हलण्याची भीती नव्हती. जुना चुन्याचा गिलावा किती मऊ असतो हे ज्यांनी फक्त सिमेंटच्या भिंती पाहिल्या त्यांना सांगून कळणार नाही. टोक आत शिरायचं, भुरभुर पांढरी पूड गादीवर पडायची आणि हिरव्यातून पांढरी रेघ उमटायची. कपाळ बरं जमलं. नाक मात्र फार खोल गेलं, एक टवकाच निघाला, आणि आजोबांच्या मूळच्या भरघोस नाकाला भिंतीवर दीडपट जागा मिळाली.

संध्याकाळी बाबांनी हात उगारला. आजोबा उठले, चष्मा लावला, भिंतीजवळ गेले आणि म्हणाले, "नाक जरा जास्त झालंय. पण राहू दे दिवाळीपर्यंत." दिवाळीला रंगारी आला, त्याला लांबी भरून भोकं बुजवायला सांगितलं होतं. पण आजोबा समोर बसलेले. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि लांबी न भरताच वरून ब्रश फिरवला. चेहरा रंगाखाली गेला, पण खाचा राहिल्या. दिवा तिरपा पडला की नाक दिसायचं. आजीला ते पाहुण्यांसमोर बरं वाटेना, म्हणून तिनं त्यावर खिळा ठोकून कालनिर्णय टांगलं. पुढे आजोबा गेले. दर १ जानेवारीला जुनं कॅलेंडर उतरवून नवं चढवायच्या मधल्या दोन मिनिटांत ते आम्हाला दिसायचे.

हे सगळं मी जवळजवळ विसरून गेलो होतो. आठवलं ते लिस्बनमध्ये, २०१९ साली. भाची तिथे शिकत होती. मी आठ दिवसांसाठी गेलो होतो, आणि चर्च, किल्ला, दर्यावर्दींचं स्मारक असं सगळं पाहून होत आल्यावर ती म्हणाली, "मामा, आता तुला एक खरवडलेली भिंत दाखवते." मोन्सांतोच्या जंगलात टेकडीवर एक मोठी गोल इमारत आहे, कधीकाळी ऐटबाज रेस्टॉरंट असलेली आणि मग वर्षानुवर्षं पडीक राहिलेली. काचा गेलेल्या, कठडे गंजलेले, खाली सगळं लिस्बन पसरलेलं. तिथल्या एका भिंतीवर एका बाईचा चेहरा होता. लांबून पाहिलं तर थेट फोटो. ठाम नजर, केसांचा भार. जवळ जाऊ लागलो तसा तो चेहरा विरघळत गेला. हाताच्या अंतरावर आलो तेव्हा समोर कुणीच नव्हतं. नुसते खड्डे, टवके, छिन्नीचे तिरपे घाव, राखलेल्या गिलाव्याच्या खडबडीत कडा.

"हात लाव ना," भाची म्हणाली, "इथे कुणी ओरडत नाही."

मी गालाच्या जागी हात फिरवला. बोटांना पूड लागली. आणि मला आजोबांचं नाक आठवलं.

ती बाई मारिएल फ्रांको. रिओ द जानेरोच्या नगरपालिकेतली नगरसेविका, झोपडवस्तीतून वर आलेली, काळी, पोलिसांच्या दांडगाईविरुद्ध बोलणारी. १४ मार्च २०१८ रोजी तिला तिच्या गाडीत गोळ्या घालून मारलं. त्याच वर्षी तिचा चेहरा या भिंतीत आला. आला म्हणजे, काढला. रंग न लावता, फक्त भिंत काढून टाकून.

हे करणाऱ्याचं नाव अलेक्सांद्र फार्तो. भिंतींच्या जगात त्याला विल्स म्हणतात. या नावाला काही अर्थ नाही. पोरवयात रात्रीअपरात्री भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांवर स्प्रेनं नाव लिहून पळायचं, तर झटपट लिहिता येतील अशी अक्षरं त्यानं निवडली, एवढंच. जन्म १९८७चा. वाढला सैशालमध्ये, म्हणजे लिस्बनच्या समोर, तेजो नदीच्या पलीकडच्या काठाला. तिथे देशाचा पोलादाचा कारखाना होता, कामगारांच्या वस्त्या होत्या. मुंबईकराला समजावं म्हणून सांगायचं तर, नदीपलीकडून चकचकीत शहर दिसतं पण आपण त्यात मोडत नाही, अशा जागेचा हा मुलगा.

त्याच्या लहानपणीच्या भिंती समजून घेतल्या तर त्याचं काम समजतं. पोर्तुगालमधली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ला कोसळली. सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची लाल फुलं खोचली, ती ही क्रांती. (गोव्याचा विषयही तिच्यामुळेच मिटला. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तरी लिस्बन ते मान्य करायला तयार नव्हतं. क्रांतीनंतर, १९७४च्या ३१ डिसेंबरला करारावर सह्या झाल्या. पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्ल्यांतून फिरताना हे आपल्या लक्षात नसतं.) पन्नासेक वर्षं तोंड दाबून ठेवलेला देश एकदम बोलायला लागला, आणि बोलला तो भिंतींवर. मुठी, विळेकोयते, शेतकरी, भाकरी, जमीन. सगळीकडे भित्तिचित्रं. फार्तो मोठा होत होता तेव्हा ही चित्रं उन्हानं विटत चालली होती, आणि त्यांच्यावर जाहिराती चढत होत्या. क्रांतीच्या मुठीवर साबण, साबणावर मोबाइलची कंपनी, आणि त्यावर याच्यासारख्या पोरांचे स्प्रे. पालिका येऊन मधूनमधून त्यावर पांढरा हात मारायची. म्हणजे पुन्हा एक थर.

सुरुवातीला याही मुलानं सगळे जे करतात तेच केलं, थरावर थर चढवला. मग त्याच्या डोक्यात उलटं चक्र फिरलं असावं. रस्त्यावरची जाहिरातींची पोस्टरं एकावर एक चिकटून पुठ्ठ्यासारखी जाड होतात. आपल्याकडे नाटकांच्या आणि वाढदिवसांच्या पोस्टरांची होतात तशी. त्यानं ती कापायला घेतली. वरची जाहिरात कापली की खालची डोकावते, तिच्याखाली त्याखालची. आणखी रंग आणायची गरजच काय, रंग तर आतच आहेत! पोस्टरांवरून तो भिंतींकडे वळला आणि स्प्रेचा डबा ठेवून छिन्नी-हातोडा उचलला, मग ड्रिल, मग ज्याला आपल्याकडे साइटवर ब्रेकर म्हणतात तो. २००८ साली लंडनला वॉटर्लू स्टेशनखालच्या लीक स्ट्रीटच्या बोगद्यात बँक्सी या गाजलेल्या भिंतकारानं जगभरच्या भिंतकारांना बोलावून एक महोत्सव भरवला, त्यात या एकवीस वर्षांच्या पोरानं भिंत फोडून एक चेहरा काढला. त्यानंतर त्याला मागे वळून पाहावं लागलं नाही.

ग्राफिटी हा शब्द ज्या इटालियन क्रियापदावरून आला त्याचा अर्थच मुळी खरवडणे, ओरखडणे. स्प्रेचा डबा हाती आल्यावर लोक ते विसरून गेले होते. पोराला शब्दकोश ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण त्यानं शब्द घरी आणला.

करतो कसं, तर आधी माणसाचा फोटो. फोटोतले करडे रंग गाळून गाळून दोनतीन छटांवर आणायचे, पांढरं, काळं, मधलं. ती आकृती भिंतीवर उतरवून घ्यायची. मग कुठे वरचा रंग ठेवायचा, कुठे फक्त रंग खरवडून गिलावा उघडा करायचा आणि कुठे थेट विटेपर्यंत जायचं हे ठरलेलं असतं. गिलावा म्हणजे उजेड, वीट म्हणजे सावली. सांगायला सोपं वाटतं. पण भिंत काही कागद नव्हे. कुठे गिलावा पोकळ, हातोडा लागताच परातभर ढलपा खाली. कुठे कुण्या दुरुस्तीवाल्यानं मधेच सिमेंट भरलेलं, तिथे छिन्नी टणकन उडते. कुठे विटेऐवजी दगडच निघतो. डोळ्याची बाहुली नेमकी तिथेच यायची असते. चित्रकार चुकला तर पुसतो. इथे चूक म्हणजे माझ्या आजोबांचं नाक, गेलं ते गेलं. त्यामुळे त्या भिंतींवरच्या चेहऱ्यांना जे वय दिसतं, ते त्या माणसाचं किती आणि भिंतीचं किती, सांगता येत नाही. पापणीखालची सुरकुती म्हणून आपण जी पाहतो ती कदाचित चाळीस वर्षांपूर्वीची भेग असते.

भिंती फोडून चेहरे काढतो म्हटल्यावर मराठी माणसाला वेरूळ आठवणार. मलाही आठवलं. कैलास लेणंसुद्धा नको तेवढा दगड काढून टाकतच झालं, तेही वरून खाली. पण तुलना तिथेच थांबते. वेरूळच्या पाथरवटांनी जो काढला तो निव्वळ दगड होता. कुणी तिथे आधी राहिलेलं नव्हतं, कुणी दिवाळीला त्याला रंग दिलेला नव्हता. लिस्बनच्या भिंतीतून जे खाली पडतं ते कुणाचं तरी असतं. कुण्या रंगाऱ्याचा एक दिवसाचा रोज, कुण्या घरमालकाची हौस, कुण्या पक्षाची अर्धी घोषणा. आपल्या भाषेत 'कोरा' आणि 'कोरणे' हे शब्द इतके शेजारी बसलेत (व्युत्पत्ती जाणणारे काय म्हणायचं ते म्हणोत) की कोरायचं ते कोऱ्यावरच असं वाटून जातं. शहरात कोरी भिंत मुळात नसतेच.

इमारतींवर चेहरे असणं आपल्याला नवं नाही. परतल्यावर मी मुद्दाम ते बघत हिंडलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर वर गोल चौकटींतून दगडी चेहरे बाहेर पाहतात. रोज लाखो माणसं त्यांच्याखालून लोकल पकडायला धावतात आणि मान वर करत नाहीत. मीही तीस वर्षं केली नव्हती. तिथे रेल्वे कंपनीचे संचालक आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि आपले जगन्नाथ शंकरशेट. कंपनी काढली, पैसा घातला, म्हणून चेहरा मिळाला. हिशेब सरळ आहे. तिथून चालत राजाबाई टॉवरकडे गेलो. तिथे उंचावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे उभे आहेत, पगड्या आणि पेहराव अगदी नेमके. पण ती माणसं नव्हेत, नमुने आहेत. त्यांतल्या एकालाही नाव नाही. फोर्टमधल्या न्यू इंडिया अॅशुरन्सच्या इमारतीवर ना. ग. पानसऱ्यांनी १९३०च्या दशकात कष्टकऱ्यांची मोठी उठावशिल्पं केली. मला ती फार आवडतात, हात तर काय घडवलेत! पण तेही शेतकरी म्हणजे शेतकरी, कुंभार म्हणजे कुंभार. अमुक एक कुंभार नव्हे. एकूण आमच्या शहराचा रिवाज असा दिसतो की श्रीमंताला स्वतःचा चेहरा आणि गरिबाला धंद्याचा. एखादे दादासाहेब फाळके वांद्रे रेक्लमेशनच्या टेलिफोनच्या इमारतीवर रंगात अवतरतात, पण ते फाळके आहेत.

विल्सच्या भिंतींवरचे बहुतेक चेहरे कुणाचे असतात हे जाणाऱ्या-येणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि तरी ते नमुने नसतात. ते अगदी एकाच माणसाचे असतात. त्या माणसाच्या शेजारणीनं ते तत्काळ ओळखावेत असे.

याची सगळ्यांत चटका लावणारी जागा रिओत आहे. मी ती फक्त फोटोंत पाहिली. मोरो दा प्रोविदेन्सिया ही रिओची पहिली झोपडवस्ती मानतात, १८९७च्या सुमारास कानुदोसच्या लढाईवरून परतलेले आणि सरकारनं घराचं वचन देऊन विसरलेले सैनिक त्या टेकडीवर बसले. शंभरावर वर्षं लोटली. २०१६चं ऑलिंपिक ठरलं, बंदराचा कायापालट ठरला, टेकडीवर केबल कार ठरली, आणि घरं रिकामी करायचं ठरलं. पालिकेच्या गृहनिर्माण खात्याची माणसं स्प्रेचे डबे घेऊन आली आणि पाडायच्या घरांच्या भिंतींवर 'एसएमएच' ही खात्याची अक्षरं आणि पुढे एक आकडा लिहून गेली. काही लोकांना सकाळी दार उघडल्यावर कळलं की आपलं घर आता आकडा आहे. ज्यांच्या झोपडीच्या दारावर कधी सर्वेक्षणाचा नंबर पडलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१२मध्ये विल्स तिथे गेला. घरं गेलेल्या माणसांशी बोलला, त्यांचे फोटो घेतले, आणि त्यांच्याच घरांच्या उरलेल्या भिंतींत त्यांचे चेहरे कोरले. छप्पर नाही, तीन बाजू नाहीत, मागे आकाश, आणि उभ्या राहिलेल्या एकाच भिंतीतून त्या घरची बाई पाहते आहे. आतल्या भिंतीचा निळा रंग गालावर तसाच. तो रंग तिनंच कधीतरी निवडलेला असणार, नवऱ्याशी वाद घालून, दुकानात दोन डबे उघडायला लावून.

अशा वेळी माझ्यातला गिरगावकर मात्र कुरकुरतो. बाईंना चेहरा मिळाला, घर मिळालं का? चेहरा भिंतीवर राहिला आणि माणूस बसमध्ये बसून शहराच्या पार कडेला गेला, याला गौरव म्हणायचं की आणखी काही? विल्सनं असंच काम शांघायच्या पाडल्या जाणाऱ्या मोहल्ल्यांतही केलं, आणि बुलडोझर काही चेहरे पाहून थांबले नाहीत. उलटंही होतं. लिस्बनमध्ये भिंतीवर देखणं काही आलं की गल्लीत फोटो काढणारे येतात, मग कॉफीची दुकानं, मग पर्यटकांना आठवड्याच्या भाड्यानं द्यायच्या खोल्या, आणि मग ज्या आजीबाई खिडकीतून चादरी वाळत घालायच्या त्यांना भाडं परवडेनासं होतं. भाचीचीच घरमालकीण पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवणार होती. भिंतींवर चेहरे कोरणाऱ्याचा यात दोष काय, असं ती म्हणाली. दोष नाही. पण मी मारिएलच्या गालावर हात फिरवत होतो तेव्हा मीही फोटो काढणाराच होतो.

आणि एक गोष्ट मला मुळीच आवडत नाही. ब्रेकरनंही समाधान होईना म्हणून तो भिंतीत स्फोटकं पेरून एका फटक्यात चेहरा उघडा करतो, त्याचे संथ गतीतले व्हिडिओ आहेत. धुरळा उडतो, धुरळा बसतो, चेहरा प्रकटतो. टाळ्यांचं काम. हातानं खणणारा माणूस भिंतीला दर ठोक्यागणिक काहीतरी विचारत असतो आणि ती उत्तर देत असते. सुरुंगात तो संवाद कुठून असणार?

त्याचं मला सगळ्यांत भावलेलं काम कोरीव नाहीच, हेही इथेच कबूल करून टाकतो. लिस्बनच्या अल्फामा भागात, जिथून फादो गाण्याचे सूर येतात, सांव तोमेच्या चढावरच्या गल्लीत अमालिया रोद्रिगेशचा चेहरा आहे. अमालिया म्हणजे फादोची सम्राज्ञी, १९२० ते १९९९. आपल्याकडे लताबाईंचं जे स्थान तेच म्हणा. तिचा चेहरा केलाय फरसबंदीच्या दगडांत. लिस्बनचे पदपथ चुनखडीच्या पांढऱ्या आणि काळ्या बारक्या दगडांचे असतात. ते बसवणारे फरसकरी दगड तळहातावर धरून छोट्या हातोडीनं हवा तसा फोडतात; त्यांची कला मरू नये म्हणून पालिकेनं १९८६ साली शाळाच काढली. २०१५मध्ये विल्सनं पालिकेच्या याच कारागिरांना हाताशी धरलं. पायाखालची फरसबंदी लाटेसारखी उठते, वळते आणि भिंतीवर चढून अमालिया होते.

मी गेलो तेव्हा रिमझिम होती. पाणी तिच्या कपाळावरून दगडांच्या सांध्यासांध्यांतून खाली उतरत, डोळ्यांच्या खोबणीत जरा थांबत, गालावरून पदपथावर येत होतं. तिथून माझ्या बुटांखालून गटाराकडे. एक म्हातारा हातात पावाची पिशवी घेऊन आला, तिच्यासमोर क्षणभर थांबला, छत्री बदलून दुसऱ्या हातात घेतली आणि गेला. त्यानं नमस्कार वगैरे केला नाही. शेजारीण दारात उभी असेल तर आपण जसे थबकतो तसा थबकला.

गिरगावातली आमची चाळ २०२३मध्ये सी-१ ठरली, म्हणजे अतिधोकादायक. आम्ही तेव्हा तिथे राहत नव्हतो, आई गेल्यावर खोली बंदच होती. बिल्डरच्या माणसानं नव्या टॉवरची चित्रं दाखवली. लॉबीत एका भिंतीवर जुन्या चाळीचा मोठा फोटो फ्रेम करून लावणार आहोत, असं तो उत्साहानं म्हणाला. 'हेरिटेज वॉल' म्हणणार होते त्याला. मी विचारलं, भिंत कसली? तर म्हणाला, इटालियन मार्बल. मी मान डोलावली.

पाडकाम सुरू झाल्याचं शेजारच्या कामतांच्या मुलानं फोन करून कळवलं. गेलो. रस्त्याकडची बाजू आधीच काढली होती, त्यामुळे सगळी चाळ कापून ठेवलेल्या केकसारखी उघडी. प्रत्येक मजल्यावर खोल्यांचे चौकोन. एक गुलाबी, एक पोपटी, एक आकाशी आणि त्याला काळा कट्टा. कुणाची मोरी, कुणाचा देवघराचा कोनाडा, आतमध्ये शेंदराचा डाग अजून ताजा. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण राण्यांच्या घरात आत मोरपंखी रंग होता हे मला त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून कळलं. त्यांचं दार नेहमी लोटलेलं असायचं.

दुसऱ्या मजल्यावरची आमची भिंत उभी होती. खालून हिरवी नव्हे, फिकट क्रीम रंगाची दिसत होती, बाबांनी मागाहून दिलेला. आणि तिच्यावर अगदी स्पष्ट एक उभा आयत, आजूबाजूपेक्षा उजळ. कालनिर्णयची जागा. पन्नासएक वर्षं तिथे ऊन आणि धूर लागला नव्हता. वर खिळा होता. दुपारचं ऊन तिरपं पडलं होतं, आणि मी कपाळावर हात धरून त्या आयतात नाक शोधत होतो. इतक्या लांबून दिसणं शक्यच नव्हतं. रंगही मध्ये तीनदा झाला होता. तरी एका ठिकाणी सावलीचा बारीक ठिपका होता, आणि तो मला सोडवेना.

"काही राहिलंय का वर?" पिवळं हेल्मेट घातलेला मुकादम जवळ येऊन म्हणाला. मी म्हटलं, "नाही. खिळा."

तो हसला. वर ब्रेकर घेतलेला पोरगा आमच्या भिंतीशी आला होता. त्यानं आयताकडे पाहिलं की नाही ते कळलं नाही. तोंडावरचा रुमाल त्यानं घट्ट केला आणि टोक भिंतीला लावलं.

"मागे व्हा, काका," मुकादम म्हणाला, "धूळ येईल."